आतडं नेमकं कुठं अडतं?

१८८६ साली बर्लिनमध्ये बालरोगतज्ज्ञांची सभा भरली होती. कोपनहेगनच्या क्वीन लुईझ बालरुग्णालयाचे प्रमुख हाराल्ड हिर्शस्प्रुंग तिथं दोन तान्ह्या मुलग्यांची हकिगत सांगायला उभे राहिले. दोघांनाही जन्मापासून धड शी होत नव्हती. पोट टम्म फुगायचं, औषधानं थोडं मोकळं व्हायचं, पुन्हा फुगायचं. वर्षाचे होण्याआधीच दोघं दगावले. शवविच्छेदनात मोठं आतडं अफाट फुगलेलं आणि त्याची भिंत जाड झालेली आढळली. शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, मात्र फुगलेला नव्हता. दोन वर्षांनी हिर्शस्प्रुंगांचा निबंध छापून आला, त्याच्या मथळ्यातच निदान होतं: मोठं आतडं फुगल्यामुळं आणि जाड झाल्यामुळं नवजात बाळांना होणारा मलावरोध.

निरीक्षण चोख होतं, कारणमीमांसा उलटी होती. नदीवर बंधारा घातला की पाणी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तुंबतं. तुंबलेलं पाणी डोळ्यांत भरतं, पण अडवणूक खाली असते. इथंही तसंच होतं. डॉक्टरांचं लक्ष मात्र साठ वर्षं फुगलेल्या भागावरच राहिलं. काही शल्यविशारदांनी तो कापून काढला, काहींनी कमरेजवळच्या चेता छाटून पाहिल्या. थोडे दिवस बरे जायचे आणि दुखणं परतायचं. दरम्यान १९०१ साली टिटेल यांनी आणि १९२० साली दाल्ला वाल्ले यांनी या रुग्णांच्या आतड्यात चेतापेशी दिसत नसल्याचं लिहून ठेवलं होतं. त्या नोंदींकडं फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

कोडं सुटलं ते बॉस्टनमध्ये. तिथल्या बालरुग्णालयात ऑरव्हर स्वेन्सन अशा मुलांच्या पोटावर तात्पुरता शौचमार्ग, म्हणजे कोलोस्टोमी, काढून देत. मूल झपाट्यानं सुधारायचं, वजन धरायचं. मग शौचमार्ग बंद करून आतडं पूर्ववत जोडलं की सगळा त्रास जसाच्या तसा सुरू. म्हणजे फुगलेलं आतडं काम करू शकत होतं. घोटाळा त्याच्या खालच्या, दिसायला साध्या, अरुंद तुकड्यात होता. स्वेन्सन यांनी आतड्यात फुगे सोडून दाब नोंदवले. वरच्या भागात येणारी आकुंचनाची लाट त्या अरुंद तुकड्यापाशी येऊन थांबत होती. त्यांनी तो तुकडा काढला आणि वरचं निरोगी आतडं खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडलं. १९४८ साली स्वेन्सन आणि बिल यांनी ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आजही या आजारावरच्या बहुतेक शस्त्रक्रिया त्याच तत्त्वावर चालतात.

मुलांच्या चिवट बद्धकोष्ठाच्या आजच्या तपासण्या या इतिहासातून जन्मल्या आहेत. दोष दिसतो तिथंच असेल असं धरून चालायचं नाही, हे त्यांचं पहिलं सूत्र. आणि बहुसंख्य मुलांच्या आतड्यात दोष नसतोच, म्हणून कुणाची तपासणी करायची नाही हे ठरवता येणं, हे दुसरं.

वरून खाली उतरणाऱ्या पेशी

आतड्याच्या भिंतीत स्वतःचं चेताजाळं असतं. अन्न पुढं ढकलायचं तर मागचा भाग आवळला पाहिजे आणि पुढचा सैल पडला पाहिजे. हा मेळ तिथल्या तिथं, मेंदूला न विचारता, हे जाळं घालतं. गर्भावस्थेत साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान या चेतापेशींच्या पूर्वज पेशी अन्ननलिकेकडून निघून आतड्याच्या भिंतीतून खाली गुदद्वारापर्यंत सरकतात. हा प्रवास अर्ध्यावर थांबला तर जिथं थांबला तिथून खालचं सगळं आतडं चेतापेशींविना राहतं. ते आवळलेलंच राहतं, सैल पडत नाही. हाच हिर्शस्प्रुंगचा आजार.

प्रवास वरून खाली असल्यामुळं उणीव नेहमी तळाशी असते. दहातल्या आठ रुग्णांत ती गुदाशय आणि त्याच्या लगतच्या वळणापुरती असते, थोड्यांत बरीच वर पोचते, क्वचित संपूर्ण मोठं आतडं व्यापते. निदानाच्या दृष्टीनं ही सोयीची गोष्ट आहे. दोष वर कुठंही पोचलेला असो, तो सुरू होतो गुदद्वाराजवळूनच, त्यामुळं तपासणीचा तुकडा तिथलाच घेतला की पुरतं.

सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. आतड्याचा थोडाच भाग बाधित असलेल्या नेहमीच्या प्रकारात मुलींच्या चौपट मुलगे असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तो जास्त आढळतो, आणि काही घराण्यांत आरईटी नावाच्या जनुकातला बदल त्यामागे सापडतो.

शंभरातली पंच्याण्णव मुलं

पाच हजारांत एक, ही संख्या मनात ठेवूनच बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या गर्दीकडं पाहायला हवं. बद्धकोष्ठ घेऊन येणाऱ्या मुलांपैकी जवळपास पंच्याण्णव टक्के मुलांचं आतडं, चेता, ग्रंथी सगळं ठणठणीत असतं. त्यांचा आजार सवयीतून आणि भीतीतून घडलेला असतो. वैद्यकात त्याला कार्यात्मक बद्धकोष्ठ म्हणतात.

त्याची सुरुवात बहुधा एका दुखऱ्या शीपासून होते. वरचं अन्न सुरू झालं, ताप येऊन गेला, पाणी कमी पडलं, शी कडक झाली, गुदद्वाराला चीर पडली. मुलानं एवढंच लक्षात ठेवलं की शी केली की दुखतं. पुढच्या वेळी कळ आली की ते शी धरून ठेवतं. तीन-चार वर्षांचं मूल पडद्यामागं किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात जातं, चवड्यांवर उभं राहतं, मांड्या आवळून पाय एकमेकांवर टाकतं, चेहरा लाल होतो, अंग थरथरतं. घरच्यांना वाटतं बिचारं किती कुंथतंय. प्रत्यक्षात ते शी बाहेर येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत असतं. आईवडिलांना हा फरक समजला की अर्धं निदान झालं.

धरून ठेवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं. खडा मोठा आणि घट्ट होतो, पुढची शी आणखी दुखते. गुदाशय हळूहळू ताणला जातो आणि ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीव उशिरा होते. मग साठलेल्या खड्याच्या कडेनं पातळ मळ झिरपून चड्डीला डाग पडू लागतात. त्याला जुलाब समजून घरी जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं आणि खडा आणखी पक्का बसतो. शाळकरी मुलाला याच डागांपायी आळशी, घाणेरडा अशी विशेषणं मिळतात. शाळेच्या अस्वच्छ संडासात जायला नको म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत धरून ठेवणारी मुलंही याच वाटेनं जातात.

हे निदान करायला यंत्र लागत नाही. २०१६ साली सुधारलेल्या रोम निकषांत सहा लक्षणं दिली आहेत: आठवड्यात दोन किंवा त्याहून कमी वेळा शी, संडासची सवय लागलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी चड्डीत शी होणं, शी धरून ठेवणं, दुखत किंवा कडक शी होणं, गुदाशयात मळाचा मोठा गोळा असणं, आणि संडास तुंबेल एवढ्या जाडीची शी. यांपैकी कोणतीही दोन लक्षणं महिनाभर असतील आणि त्यांचा दुसऱ्या आजाराशी मेळ बसत नसेल, तर निदान पक्कं धरून उपचार सुरू करता येतात.

चार प्रश्न आणि एक बोट

मग उरलेल्या पाच टक्क्यांना गर्दीतून वेगळं कसं काढायचं? सर्वांत कसदार तपासणी इथं बिनपैशाची आहे: प्रश्न विचारणं.

पहिला प्रश्न, बाळाची काळपट हिरवी चिकट पहिली शी कधी झाली. पूर्ण दिवसांच्या बहुतेक निरोगी बाळांना ती चोवीस तासांत होते आणि जवळपास सगळ्यांना अठ्ठेचाळीस तासांत. तिला उशीर झाला असेल तर हिर्शस्प्रुंगचा संशय घ्यायलाच हवा. उलट बाजूनं मात्र हा पुरावा तितका भक्कम नाही, कारण या आजाराच्या बऱ्याच बाळांना पहिली शी वेळेवर झालेली असते. शिवाय आपल्याकडं एक खास अडचण येते. तान्ह्या बाळाला शी होईना की विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायचा किंवा साबणाची कांडी सारायची, ही घराघरांत चालत आलेली रीत. त्यानं शी होते, आणि पुढं डॉक्टरांनी विचारलं की आजी मोकळेपणानं सांगते, झाली की दुसऱ्याच दिवशी. ती आपली आपण झाली की करवली, हे कुणी विचारत नाही. हा उपप्रश्न विचारायलाच हवा.

दुसरा प्रश्न, त्रास कधी सुरू झाला. पहिल्या महिन्यातच सुरू झालेलं बद्धकोष्ठ आणि दोन-तीन वर्षांच्या वयात, संडासची सवय लावताना सुरू झालेलं बद्धकोष्ठ, यांची जातकुळी वेगळी. तिसरा, वजन वाढतंय का, पोट फुगतं का, हिरवी उलटी होते का. चौथा, चड्डीला डाग पडतात का. धरून ठेवणाऱ्या मुलात ते नेहमीचे, हिर्शस्प्रुंगच्या मुलात विरळा.

नंतर मुलाला पालथं करून पाहायचं. गुदद्वार नेहमीच्या जागी आहे की पुढं सरकलंय? माकडहाडाच्या वर केसांचा पुंजका, खोल खळगा किंवा फुगवटा आहे का? पायांत जोर आहे का, चाल बदलली आहे का, लघवीवर ताबा आहे का? पाठीच्या कण्यातल्या चेतारज्जूचा दोष बद्धकोष्ठाच्या रूपानं पुढं येऊ शकतो, आणि त्याची खूण कंबरेवर किंवा पायांत सापडते.

गुदद्वारातून बोटानं तपासणी प्रत्येक मुलाची करायची नसते. संशय असेल तेव्हा, जाणत्या डॉक्टरनं, मुलाला आणि पालकांना सांगून, एकदाच ती करावी. धरून ठेवणाऱ्या मुलात बोटाला लगेच मळाचा गोळा लागतो. हिर्शस्प्रुंगच्या बाळात गुदाशय रिकामा आणि घट्ट लागतो, आणि बोट बाहेर काढताच वारा आणि पातळ शी जोरात बाहेर उडते. हा फरक एकदा अनुभवलेला डॉक्टर विसरत नाही.

एका प्रसंगी मात्र तपासण्यांचा क्रम वगैरे बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं. तान्ह्या बाळाचं पोट फुगलंय, ताप आहे, बाळ मलूल पडलंय आणि दुर्गंधीची पातळ शी जोरात होतेय, हे हिर्शस्प्रुंगमध्ये होणाऱ्या आतड्याच्या दाहाचं लक्षण असू शकतं. तो जिवावर बेततो. बद्धकोष्ठाच्या बाळाला जुलाब लागले, चला पोट साफ झालं, असं समजून घरी थांबणं धोक्याचं आहे.

घाईचा एक्स-रे

बद्धकोष्ठाच्या मुलाला सर्वांत आधी सांगितली जाणारी आणि बहुधा सर्वांत कमी उपयोगाची तपासणी म्हणजे पोटाचा साधा एक्स-रे. त्यात मळ दिसतोच, कारण मळ प्रत्येकाच्याच आतड्यात असतो. किती म्हणजे जास्त, हे ठरवण्यासाठी गुण देण्याच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या. पण एकच फिल्म दोन डॉक्टरांनी पाहिली तर गुण जुळत नाहीत, असं पुन्हा पुन्हा दिसून आलं. २०१० सालच्या ब्रिटिश सूचना आणि युरोप व उत्तर अमेरिकेतल्या बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली एकत्र काढलेल्या सूचना, दोन्हींचा रोख एकच आहे: निदानासाठी सरसकट एक्स-रे काढू नये.

किरणोत्सर्ग हे त्यामागचं एक कारण झालं. दुसरं अधिक गंभीर आहे. एक्स-रेत मळ दिसला की पोटदुखीचं कारण सापडलं असं वाटतं आणि पुढचा शोध थांबतो. टोरंटोच्या बालरुग्णालयातल्या तातडीच्या विभागाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बद्धकोष्ठ म्हणून घरी पाठवलेल्या आणि नंतर वेगळाच आजार निघालेल्या मुलांमध्ये एक्स-रे काढलेल्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. मूल हात लावू देत नसेल किंवा खूप लठ्ठ असेल आणि गोळा आहे की नाही हे कळणं गरजेचं असेल, तर एक्स-रेला जागा आहे. तीच माहिती सोनोग्राफीही देऊ शकते. मूत्राशयामागं गुदाशयाची रुंदी मोजतात, आणि ती तीन सेंटिमीटरच्या वर गेली की आत मळ साठल्याचा अंदाज येतो.

रक्ताच्या तपासण्यांचंही तेच. थायरॉइडची कमतरता, गव्हातल्या ग्लुटेनमुळं होणारा सीलिअॅक आजार, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, शिशाची विषबाधा, ही सगळी बद्धकोष्ठाची खरी कारणं आहेत. पण उंची-वजन नीट वाढणाऱ्या, खेळत्या मुलात ती क्वचितच सापडतात. वाढ खुंटली असेल, मूल सुस्त असेल किंवा महिनोन्महिने नीट उपचार देऊनही फरक पडत नसेल, तेव्हा या तपासण्या कराव्यात. गाईच्या दुधाच्या प्रथिनांचा संशय असेल तर अॅलर्जीच्या रक्ततपासण्यांवर खर्च करण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे दूध बंद करून पाहणं जास्त बोलकं ठरतं.

बेरियमची सावली

संशय हिर्शस्प्रुंगचा असेल तर पुढचं चित्र काढतात ते द्रव आत सोडून. गुदद्वारातून बारीक नळी घालून बेरियम किंवा पाण्यात विरघळणारं द्रव हळूहळू सोडतात आणि पडद्यावर आतड्याची सावली पाहतात. खाली अरुंद नळी, मग नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा आणि वर रुंद आतडं, असं चित्र उमटलं तर संशय बळावतो. निरोगी मुलात गुदाशय त्याच्या वरच्या वळणापेक्षा रुंद असतो. तो अरुंद निघाला तरी दखल घ्यावी लागते. चोवीस तासांनी पुन्हा फिल्म काढून द्रव किती शिल्लक आहे तेही पाहतात.

या तपासणीआधी एनिमा देऊन पोट साफ करायचं नसतं. धुण्यानं वरचा रुंद भाग तात्पुरता आकसतो आणि फरक पुसला जातो. नवजात बाळात वरचं आतडं फुगायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळं चित्र फसवं येऊ शकतं. संपूर्ण मोठं आतडं चेतापेशींविना असेल तर वर-खाली फरकच नसतो. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्या सावलीवर घेत नाहीत. सावलीचा खरा उपयोग दोष साधारण कुठवर पोचलाय याचा अंदाज शल्यविशारदाला देण्यात आहे.

फुग्याची परीक्षा

गुदाशयात काही आलं की गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप क्षणभर सैल पडतो. आत आलंय ते वारा की मळ, याची चाचपणी शरीर त्या क्षणात करतं. ही प्रतिक्रिया पाठीच्या कण्याकडं न जाता आतड्याच्या भिंतीतल्या चेताजाळ्यातूनच घडते. जाळं नाही तर प्रतिक्रिया नाही. लॉसन आणि निक्सन यांनी १९६७ साली मुलांमधले हे दाब नोंदवून तपासणीचा पाया घट्ट केला.

प्रत्यक्षात ती अशी होते. मूल कुशीवर झोपलेलं असतं. टोकाला फुगा आणि बाजूंना दाबाचे संवेदक असलेली पेन्सिलीहून बारीक नळी आत सरकवतात. फुग्यात थोडी हवा भरली की पडद्यावरची रेषा खाली झुकते आणि काही सेकंदांत पूर्वपदाला येते. हवा वाढवत नेली की झोकही खोल होत जातो. एवढं दिसलं की हिर्शस्प्रुंगचा विषय संपला. त्या मुलाला बायोप्सी लागत नाही.

रेषा खाली झुकलीच नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढायचा नाही. मूल रडत असेल, अंग आवळत असेल, तर बाहेरचा स्नायू आतल्याची हालचाल झाकतो. वर्षानुवर्षं धरून ठेवून गुदाशय ताणला गेला असेल, तर नेहमीएवढी हवा त्याला जाणवतच नाही आणि बरीच जास्त भरावी लागते. तरीही प्रतिक्रिया मिळाली नाही, तर बायोप्सी. क्वचित असंही होतं की बायोप्सीत चेतापेशी भरपूर असतात, पण स्नायू सैल पडत नाही. तो वेगळा विकार आहे. त्यात मोठी शस्त्रक्रिया न करता त्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन पाहतात.

मोठ्या, सांगितलेलं समजणाऱ्या मुलात याच नळीनं आणखी एक गोष्ट कळते. शी करताना पोटानं जोर लावायचा आणि खालचा स्नायू सोडायचा, हे एकाच वेळी जमावं लागतं. काही मुलं जोर लावतानाच खाली आवळतात. पडद्यावर स्वतःचा आलेख पाहत ते सोडायला शिकवता येतं.

तीन मिलिमीटरचा तुकडा

शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. पूर्वी यासाठी मुलाला भूल देऊन गुदाशयाच्या भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा कापावा लागे. १९६९ साली हेलन नोब्लेट यांनी या आजारासाठी खास शोषणनळी तयार केली. नळीच्या बाजूला एक लहानसं भोक असतं. नळी आत घालून हवा शोषली की आतड्याचं आतलं अस्तर भोकातून आत ओढलं जातं, आणि आतलं गोल पातं सरकवलं की सुमारे तीन मिलिमीटरचा तुकडा सुटतो. गुदद्वाराच्या आत, त्वचेची हद्द संपते त्या दातेरी रेषेच्या वरच्या अस्तराला कापल्याची वेदना होत नाही. म्हणून तान्ह्या बाळाची ही बायोप्सी भुलीविना, खाटेवरही करता येते. रक्तस्राव किंवा आतड्याला भोक पडणं हे धोके आहेत, पण विरळा.

नेमकेपणा लागतो तो जागेत आणि खोलीत. दातेरी रेषेच्या अगदी जवळ निरोगी माणसातही चेतापेशी कमीच असतात. तिथला तुकडा घेतला तर निरोगी बाळ आजारी ठरेल. फार वर घेतला तर आखूड दोष निसटेल. म्हणून रेषेपासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर वरचे दोन-तीन तुकडे घेतात. तुकड्यात अस्तराखालचा थरही यावा लागतो, कारण शोधायच्या पेशी तिथं असतात. तो आला नसेल तर अहवालावर ‘नमुना अपुरा’ असं लिहून येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पालकांना याचा राग येतो, पण अपुऱ्या नमुन्यावर ठाम मत देण्यापेक्षा ते शतपटीनं बरं. मोठ्या मुलाचं अस्तर जाड आणि चिवट असल्यानं शोषणनळीत पुरेसा तुकडा येत नाही. तिथं भूल देऊन पूर्ण जाडीचा तुकडाच घ्यावा लागतो.

पुढचं काम पॅथॉलॉजिस्टचं, आणि ते सोपं नाही. एक पेशी सापडली तर आजार नाही; आजार आहे म्हणायचं तर ती कुठंच नाही याची खात्री करावी लागते. त्यासाठी तुकड्याचे एकामागून एक डझनावारी पातळ काप करून प्रत्येक पाहावा लागतो. चेतापेशींचा अभाव आणि सोबत जाड झालेले चेतांचे दोर, अशी जोडी मिळाली की निदान बळकट होतं. १९७२ साली मायर-रूगे यांनी अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचा रंग वापरायला सुरुवात केली. आजारी अस्तरात त्याचे गडद तपकिरी धागे भरून दिसतात. त्यासाठी ताजा तुकडा गोठवावा लागतो, ही त्यातली अडचण. अलीकडं कॅलरेटिनिन या प्रथिनाचा रंग रूढ झाला आहे. निरोगी अस्तरात त्याचे बारीक तंतू उमटतात, आजारी अस्तरात ते नसतात, आणि फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या साध्या नमुन्यावरही तो चालतो.

सगळं नॉर्मल, तरी शी होत नाही

बायोप्सी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि मूल अजूनही आठवड्यातून एकदा रडत शी करतंय, अशी मुलं मोठ्या केंद्रांत येतात. इथं पहिला प्रश्न उपचारांबद्दलच असायला हवा. आतला साठा खरोखर निघाला होता का? शी मऊ ठेवणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पुरेशा मात्रेत, रोज, महिनोन्महिने दिली गेली का, की दोन-चार दिवस शी बरी होताच बंद केली? बहुतेक वेळा उत्तर इथंच सापडतं.

तिथं उत्तर सापडलं नाही तर अन्न किती वेगानं पुढं सरकतं ते मोजतात. मूल एक्स-रेवर दिसणाऱ्या बारीक कड्यांच्या कॅप्सूल गिळतं आणि ठरलेल्या दिवशी फिल्म काढतात. कडी सगळ्या मोठ्या आतड्यात विखुरलेली दिसली तर आतडंच संथ आहे. सगळी गुदाशयात गोळा झालेली दिसली तर वरचं आतडं काम चोख करतंय, अडवणूक दाराशी आहे. आधी साठा काढलेला नसेल तर ही मोजणी खोटी येते. चड्डीत शी होते पण धरून ठेवण्याची कोणतीच खूण नाही, अशा मुलाच्या बाबतीत ही तपासणी फार उपयोगी पडते, कारण त्यात वेग नॉर्मल निघाला तर जुलाबाच्या औषधानं त्रास वाढेल हे आधीच कळतं.

त्यापुढची पायरी अगदी थोड्या मुलांसाठी. भूल देऊन दुर्बिणीनं मोठ्या आतड्यात लांब नळी बसवतात आणि मूल जागं झाल्यावर काही तास दाब नोंदवतात: उपाशीपोटी, जेवणानंतर, आणि शेवटी बिसॅकोडिल हे औषध सोडून. निरोगी आतड्यात जोरकस लाटा वरून खाली लांबवर धावत जातात. औषध देऊनही लाट उठत नसेल, किंवा एका टप्प्यावर विझत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार कुठल्या भागाचा करायचा ते ठरतं. उदाहरणार्थ, १९९० साली पॅड्रेग मॅलोन यांनी आंत्रपुच्छातून पोटावर बारीक वाट काढून वरून एनिमा देण्याची पद्धत मांडली. वरून सोडलेलं पाणी पुढं ढकलायला आतड्यात जोर आहे का, याचा अंदाज या मोजणीतून बांधता येतो. पाठीच्या कण्याचं एमआरआय मात्र पाय, लघवी किंवा कंबरेवर एखादी खूण असेल तेव्हाच फळतं. नुसत्या बद्धकोष्ठासाठी ते करून हाती फारसं लागत नाही.

‘नॉर्मल’ या अहवालाचं काय करायचं

मोठ्या तपासणीतून नॉर्मल अहवाल घेऊन बाहेर पडणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यावर सुटका आणि निराशा दोन्ही असतात. गंभीर काही नाही म्हणून बरं वाटतं, आणि मग हे चाललंय तरी काय म्हणून त्रागा होतो. काहीजण दुसऱ्या शहरात जाऊन तीच तपासणी पुन्हा करवतात. नीट घेतलेली, पुरेशा नमुन्याची बायोप्सी पुन्हा करण्यात अर्थ नसतो. म्हणून अहवालाची प्रत, तुकडे कुठून घेतले आणि नमुना पुरेसा होता का, हे फाईलमध्ये जपून ठेवावं.

नॉर्मल अहवालानं सांगितलेलं असतं ते एवढंच की शस्त्रक्रियेनं सुटेल असा दोष तपासलेल्या जागी नाही. ताणलेला गुदाशय, शीची धास्ती आणि जेवणानंतर संडासात बसण्याची मोडलेली सवय तशीच शिल्लक असते. या सगळ्याचा उपचार औषधाची रोजची मात्रा, जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसणं, कमोड असेल तर अधांतरी लोंबणाऱ्या पायांखाली पाट, आणि डाग पडले तरी न रागावणं, असा साधा आणि लांबणारा आहे. गुदाशयाला मूळ आकारात यायला महिने लागतात. आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार उपचार किमान दोन महिने द्यायचे, आणि सगळा त्रास थांबून महिना उलटल्यावरच मात्रा हळूहळू उतरवायची. अहवाल चांगला आला म्हणून त्याच आठवड्यात पावडर बंद करणाऱ्या घरात पुढच्या दुखऱ्या शीची तयारी सुरू होते, आणि मूल पुन्हा पडद्यामागं जाऊन उभं राहायला लागतं.